झाकणावरचं गंध

विजयादशमीच्या सकाळी सीतालक्ष्मीबाईंनी देव्हाऱ्यासमोरचा लॅपटॉप उचलला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, चार्जर लावला आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. आतला पंखा फिरला नाही. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, मग दाबूनच धरलं, बोटाचं पेर पांढरं होईपर्यंत. पडदा काळाच राहिला आणि त्यात त्यांचाच चेहरा दिसत राहिला.

आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. त्या दिवशी चेन्नईत रिक्षापासून लेथपर्यंत सगळी हत्यारं गंध-कुंकू लावून स्वस्थ बसतात आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुहूर्तावर ती पुन्हा हातात घ्यायची असतात. त्या दिवशी सुरू झालेलं काम वर्षभर चालतं असं मानतात. सुरू न झालेल्या कामाचं काय, हे सहसा कुणी बोलत नाही. सीतालक्ष्मीबाईंचे यजमान कृष्णाजी बँकेतून निवृत्त झाले होते आणि न बोललेली गोष्ट बोलून दाखवायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता.

"उठत नाही?" पेपरातून डोकं वर काढून त्यांनी विचारलं.

"उठेल."

"विजयादशमीला हत्यार उठलं नाही म्हणजे काय, समजतं ना तुला?"

"चार्जर बिघडला म्हणजे."

"सरस्वती सांगते, पोदुम. पुरे झालं. आतां घरांत बस."

"तिला सांगायचं असतं तर मला सांगितलं असतं. चार्जरला काय म्हणून सांगेल?" असं म्हणत त्यांनी चार्जर भिंतीवरून काढला आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी लावला.

चार्जरच्या चौकोनी डब्यावरचा हिरवा दिवा लागला. म्हणजे वीज तिथपर्यंत येत होती. पुढे लॅपटॉपपर्यंत जात नव्हती.

सीतालक्ष्मीबाई साठी ओलांडलेल्या. माहेर तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरांपैकी एक. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मद्रासला येऊन त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांची पदविका घेतली. अक्षर सुंदर म्हणून मास्तर मुलांच्या आराखड्यांवरची अक्षरंही त्यांनाच काढायला लावत. त्या काढत, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मुंगीएवढा 'सी' घालून ठेवत. वर्षअखेरीला मास्तरांनी तो भिंगातून पाहिला आणि जाब विचारला. "ज्याचं काम त्याची खूण," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे अंबत्तूरच्या एका कारखान्यात लागल्या. संगणक आले तेव्हा प्रशिक्षणाला पुरुषांना पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत ज्याची खुर्ची मोकळी होईल तिच्यात बसून त्या शिकल्या. कारखाना बंद पडला तेव्हा हाती आलेल्या रकमेतून त्यांनी हा लॅपटॉप घेतला आणि त्यावर आराखड्यांचं सॉफ्टवेअर घातलं. तेव्हापासून त्या घरी बसून डाय काढतात. पत्रा ज्या पोलादी साच्यात दाबला की त्याचा कंस म्हणजे ब्रॅकेट, झाकण किंवा बिजागरी होते, तो साचा म्हणजे डाय. अंबत्तूरमध्ये तयार होणाऱ्या स्कूटरच्या कितीतरी कंसांची पहिली रेघ त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडलेली आहे.

ते सॉफ्टवेअर एकदाच विकत घेतलेलं होतं आणि त्या एकाच यंत्राला बांधलेलं होतं. आता ते तसं विकत मिळत नाही, वर्षावर्षाच्या भाड्यानं मिळतं. फाइली पेनड्राइव्हवर होत्या, त्यांची चिंता नव्हती. पण नवीन लॅपटॉप आणला तरी सॉफ्टवेअर त्यावर चढणार नव्हतं. यंत्र गेलं की काम गेलं. हे कृष्णाजींनाही माहीत होतं. म्हणूनच त्यांचा आवाज सकाळपासून एवढा मऊ येत होता.

आणि आजचा दिवस साधा नव्हता. गिरिधर नावाच्या कारखानदारासाठी काढलेल्या डायचा पहिला नमुना वाकवताना कंसाला कोपऱ्यात भेग पडली होती. वाकण, म्हणजे पत्रा वळतो तिथली गोलाई, थोडं सैल करायला हवं होतं, आणि किती ते त्यांनी ठरवलंही होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर गिरिधर नव्या आराखड्यानं पोलाद कापायला घेणार होता. त्याचा फोन आलाच. बोलणं तमिळमधून झालं.

"सीताम्मा, मशीनला आरती झाली. ड्रॉइंग?"

"लॅपटॉप चालू होत नाही. बघतेय."

"मग ती जुनी फाइल द्या ना पाठवून. एजन्सीवाले बसलेच आहेत इथे. ते करतील दुरुस्त. पुढची कामंही मग त्यांच्याकडेच... म्हणजे तुम्हालाही आराम."

"जुन्या फाइलीत भेग आहे, गिरिधर. ती दिली तर भेगच कापाल."

"चार वाजेपर्यंत थांबतो. त्यानंतर नाही हां."

"चारच्या आत मी तिथे असेन," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"बघ," कृष्णाजी म्हणाले, "तोसुद्धा आराम कर म्हणतो."

"तुम्ही दोघं मिळून करा आराम."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची अवनी सुंडलचा, म्हणजे पूजेच्या हरभऱ्याच्या उसळीचा, रिकामा डबा परत द्यायला आली. ही नाशिकची. मोटारींच्या कारखान्यात नोकरीला, भाड्यानं राहणारी. सीतालक्ष्मीबाईंचं मराठी ऐकलं की तिला शाळेतली बखर आठवते आणि ती तसं तोंडावर सांगते.

"काकू, असा का चेहरा? डब्यात साखर घालून आणायला हवी होती का?"

"डबा ठेव आणि हें बघ. अस्कं करून झालं."

"अस्कं म्हणजे सगळं, हो ना? सगळं नाही झालं अजून." अवनीनं लॅपटॉप पालथा केला, दोन खिट्या सरकवून बॅटरी बाहेर काढली. बॅटरीशिवाय बटण दाबून धरलं, सोडलं, नुसत्या चार्जरवर चालू करून पाहिलं. काही नाही. धावत वर जाऊन तिनं स्वतःचा चार्जर आणला. पिन तशीच गोल होती, आकडेही जुळत होते. त्याचाही हिरवा दिवा लागला आणि लॅपटॉप तसाच मेलेला.

"दोन चार्जर खोटे असू शकत नाहीत, काकू. आत काहीतरी गेलंय. खरं सांगू? याला आता निरोप द्या."

"निरोप द्यायला तो काय सासरी चालला?"

अवनी हसली. कृष्णाजीही हसले, आणि ते हसले म्हणून सीतालक्ष्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, वर चार्जर ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

बाजाररस्त्यावरचं दुरुस्तीचं दुकान मुहूर्त करून नुकतंच उघडलं होतं. दाराला केळीची खुंटं बांधलेली, काउंटरवर चुरमुऱ्यांची परात. दुकानदारानं मूठभर चुरमुरे त्यांच्या हातावर ठेवले आणि आपल्याकडचा चार्जर लॅपटॉपला लावला. आत जाईना तसा जोर देऊन दाबला. लावला, काढला, लावला.

"बोर्ड गेला, अम्मा."

"उघडून न बघताच?"

"उघडून काय बघायचं? तुमचा चार्जर चालत नाही, माझा चालत नाही. म्हणजे बोर्ड. आणि ह्याचा बोर्ड आता कुठे मिळणार? ह्याच्या वयाची यंत्रं एग्मोरच्या म्युझियममध्ये ठेवतात." स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. "ठेवून जा. मिळाला कुठे तर फोन करतो. दिवाळीनंतर."

सीतालक्ष्मीबाई त्याचं ऐकत नव्हत्या. त्यांनी आपला चार्जर पुन्हा लावला होता आणि त्या भोकाकडे बघत होत्या. वर्षानुवर्षं आत-बाहेर होऊन पिनेच्या काळ्या बाहीला एक घासट उमटली होती. पिन पूर्ण आत गेली की ती घासट कडेशी बरोबर मिळायची. आता ती बाहेर राहिली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. पत्र्यावर वरून दाबणारा पंच आणि डाय यांच्यात केसाएवढी फट ठेवायची की त्याहून कमी, यावर आयुष्य घालवलेल्या बाईला तांदळाचा दाणा म्हणजे खिंडार. पिन आत जातच नव्हती. मध्ये काहीतरी होतं.

त्यांनी ती उपसली. टोकाशी पिवळट पूड लागली होती, तिच्यात लाल रेघ. त्यांनी ती नाकाशी नेली.

चंदन. गुलाबपाण्यात उगाळलेलं.

दुकानातच, हातात चुरमुरे घेऊन, त्यांना आदली संध्याकाळ जशीच्या तशी दिसली. आणि तिच्यामागचं गेलं वर्षही. गेल्या वर्षापर्यंत त्या लॅपटॉपच्या झाकणावर, बरोबर मधोमध, गंधाचा टिळा लावत आणि त्यावर कुंकू. गेल्या दसऱ्यानंतर त्या तसाच लॅपटॉप घेऊन गिरिधरच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या चष्मेवाल्या तरुण इंजिनियरनं झाकणाचा फोटो काढला आणि म्हणाला, "मॅडमचा लॅपटॉप अंघोळ करून आलाय." सगळे हसले, गिरिधरही. सीतालक्ष्मीबाईंनी पदराच्या टोकानं झाकण पुसलं, सगळ्यांच्या देखत. हसणं त्या विसरल्या. ते पुसणं विसरल्या नाहीत.

म्हणून या वर्षी त्यांनी गंध-कुंकू कडेला लावलं होतं, जिथे कुणाला दिसणार नाही. कृष्णाजी घंटा वाजवत होते, ट्यूबलाइट विझवलेली, समईचा उजेड. अनामिकेनं त्यांनी बाजूला चाचपून बोट टेकवलं. गंध ओलं होतं, हात सढळ होता आणि बोटाखाली भोक होतं. रात्रभरात ते आत वाळून चुन्यासारखं घट्ट झालं. रोज चार्जरवर चालणारी जुनी बॅटरी पूजेच्या दिवशी तशीच पडून संपली होती.

"बोर्ड चांगला आहे," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चूक माझी आहे, त्याची नाही."

त्यानं काय समजायचं ते समजून खांदे उडवले. त्यांनी पिशवी उचलली, चुरमुरे तोंडात टाकले आणि बाहेर पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी खिडकीशी पाट घेतला. बॅटरी काढून बाजूला ठेवली. सुई घेतली आणि परत ठेवली. भोकाच्या मध्यभागी बारीक खिळा असतो, सुई त्याला वाकवेल. खराट्यातला एक हीर मोडून घेतला. कृष्णाजींच्या इन्सुलिनच्या डब्यातली स्पिरिटची बाटली घेतली, कापसाचा धागा हिराला गुंडाळला, बुडवला आणि भोकात घातला.

पहिला कापूस पिवळा निघाला. दुसरा लाल.

कृष्णाजी पाठीशी येऊन उभे राहिले. "तें काय काढतेस?"

"गंध."

"देवीचं? विजयादशमीला? काडीनं खरवडून?" त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. "आणि माझं स्पिरिट!"

"मीच भरलं, मीच काढते."

"आधी देवीनं बंद केलं, आणि तूं..."

"देवीनं नाही केलं, मी केलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लाज वाटली म्हणून कडेला लावलं. कडेला भोक होतं. झालं. ह्यांत शकुन कोठें आला?"

"तुला लाज? कोणाची?"

तिसरा कापूस जवळजवळ पांढरा निघाला. चवथा पांढरा. खिडकीकडे धरून त्यांनी आत पाहिलं; खिळा दिसला, सरळ, पितळी. स्पिरिट उडून जाईपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या. घाई करून चालणार नव्हतं, आणि वेळ तर जात होता. कृष्णाजी खुर्चीत जाऊन बसले. पण पेपर त्यांनी उघडला नाही.

मग बॅटरी बसवली, पिन लावली. टक् असा आवाज झाला आणि घासट कडेशी मिळाली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका लागला.

आणि विझला.

त्यांनी पिन किंचित उचलून धरली. लागला. सोडली. विझला. दुकानदारानं जोर करून आतलं काहीतरी ढिलं केलं होतं, किंवा गंधानं, किंवा दोघांनी मिळून.

"बघ," कृष्णाजी म्हणाले, पण सकाळचा जोर त्यात नव्हता.

सीतालक्ष्मीबाईंनी इकडे-तिकडे पाहिलं. देव्हाऱ्यातला कालचा हार कोमेजला होता. त्यांनी तो उचलला, फुलं ओंजळीत उतरवून घेतली आणि ती ज्याच्यात ओवली होती तो केळीचा वाख ओला करून पिळला. पिन हवी तशी उचलून धरली, वाखानं वायर लॅपटॉपच्या मागच्या बिजागरीला आवळून बांधली, गाठ मारली आणि सोडलं. ठिपका राहिला.

कृष्णाजी ती गाठ बराच वेळ बघत होते. "सैल आहे," शेवटी म्हणाले. उठले, त्यांनी दुसरी गाठ मारली आणि स्पिरिटची बाटली जागेवर ठेवायला गेले.

पडदा उजळला. सॉफ्टवेअर नेहमीसारखं रखडत उघडलं. सीतालक्ष्मीबाईंनी वाकण सैल केलं, त्यामुळे सरकलेली दोन भोकं जागेवर आणली, पंचाची लांबी बदलली. वाटेत एकदा जेवायला हाक आली. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा ताट टेबलावर आलं, लॅपटॉपपासून हातभर लांब. सगळं जुळल्यावर त्यांनी आराखड्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढा 'सी' घातला. तो त्यांनी कधीच सोडला नव्हता.

फाइल तिथूनच पाठवता आली असती. कृष्णाजींनी तसं सुचवलंही.

"मी येते असं सांगितलंय," त्या म्हणाल्या. लॅपटॉप मिटला. सहाणेवर चंदन ओलं होतं. त्यांनी अनामिकेनं झाकणावर, बरोबर मधोमध, टिळा लावला, मोठा, रुपयाएवढा. त्यावर कुंकू. वरवर वाळेपर्यंत फुंकर घातली, पिशवी खांद्याला अडकवली, पण लॅपटॉप तिच्यात न घालता हातातच धरला. वाख आणि वायर बाजूनं लोंबत होते.

औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांवर कुंकू भरून, दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांचा लाल-पांढरा चिखल झाला होता. रिक्षावाला शिव्या देत, वळसे घेत चालला होता. त्याच्या हँडललाही गंध होतं. सीतालक्ष्मीबाईंनी ते पाहिलं. लपवलेलं नव्हतं.

गिरिधरच्या ऑफिसात एजन्सीचा माणूस खरोखरच बसला होता, मांडीवर चकचकीत लॅपटॉप. चष्मेवाला इंजिनियर चहा घेत होता. त्याची नजर आधी झाकणावर गेली, मग लोंबणाऱ्या वाखावर.

"मॅडम, परत अंघोळ?"

"ह्या खेपेला साबण लावून," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला, टिळा सगळ्यांना दिसेल असा.

गिरिधरनं घड्याळ पाहिलं. चार वाजायला अवकाश होता. "काय झालं होतं सीताम्मा? पूजा केल्यानं बंद पडला म्हणे?"

"कोण म्हणे?"

"मघाशी मी फोन केला तेव्हा तुमच्या यजमानांनी घेतला होता."

"पूजेनं नाही. चोरून लावलं म्हणून भोकात गेलं." त्यांनी इंजिनियरकडे पाहिलं. "गेल्या वर्षी उघड लावलं होतं तेव्हा चालत होता. तुम्ही फोटो काढला होता ना? आहे का अजून?"

त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. एजन्सीवाला आपल्या पडद्यात बघू लागला.

त्यांनी चार्जर भिंतीत लावला, ठिपका लागला, आणि लॅपटॉप उघडला. वाटेत वाख वाळला होता आणि हिसक्यानं तुटला. ठिपका गेला. बॅटरीत थोडीच धुगधुगी होती, आणि गिरिधरला भेगेची जागा आणि नवं वाकण पडद्यावरच दाखवायचं होतं. सीतालक्ष्मीबाईंनी पिन उचलून धरली, खोलीभर नजर फिरवली आणि इंजिनियरला म्हणाल्या, "या. इथे धरा. असं. हलवू नका."

"मी?"

"मला दोन्ही हात लागतात."

त्यानं गिरिधरकडे पाहिलं. गिरिधर पडद्यावरच्या कंसाकडे बघत होता. इंजिनियर वाकला, झाकणामागे हात घालून त्यानं पिन धरली आणि तसाच अवघडून उभा राहिला. त्याचा अंगठा टिळ्याला लागला. सीतालक्ष्मीबाई सावकाश समजावत होत्या. भेग का पडली, पत्रा कुठे ताणला गेला, आता तो कुठून वळेल. गिरिधरनं तीन शंका काढल्या. तिसरी बरोबर होती. त्यांनी ती मान्य केली, एक रेघ हलवली आणि मग फाइल मशीनवर गेली.

शेजारच्या शेडमध्ये वायर-कटचं मशीन सुरू झालं. पोलादातून बारीक तार पाण्याखाली पुढे सरकू लागली. गिरिधर काचेतून तिच्याकडे बघत राहिला, मग खणातून त्यानं पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. एजन्सीच्या माणसानं हात पुढे केला. गिरिधरनं तो तुकडा बोटानं सीतालक्ष्मीबाईंकडे सरकवला.

"पुढचं काम. हा बघून ठेवा. पण सीताम्मा, पुढच्या वर्षापर्यंत ती पिन तरी नीट करून घ्या."

"पिन उद्याच करते." त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि पिशवीत टाकला. "पुढच्या वर्षी पूजेला घरी या. पिन नीट आहे का तेही बघा."

"सोडू का?" इंजिनियरनं विचारलं. तो अजून वाकूनच होता.

"सोडा."

त्यानं अंगठा पाहिला. पिवळा झाला होता. तो पँटला पुसायला निघाला, मग थांबला, आणि कुठे पुसावं हे न सुचून हात तसाच धरून उभा राहिला. सीतालक्ष्मीबाईंनी झाकण मिटलं. टिळा एका बाजूनं फिसकटला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.